बत्तिसाव्या घराचा नंबर

यादीकाकांना या सगळ्यातून मिळणार होतं ते एवढंच: स्वतःच्या खाटेवर, स्वतःच्या खोकल्याने मरण. गल्लीत घरं चाळीस, जनावराला महिन्याला माणूस एक, आणि काकांचं घर चाळिसावं. म्हणजे तीन वर्षं चार महिने. डॉक्टरांनी त्यांना दोनच वर्षं दिली होती, तेव्हा सोळा महिने शिलकीत. तुमचंच घर शेवटचं कसं, असं कोणी विचारलं तर काका म्हणत, "मी आधी गेलो तर यादी कोण ठेवणार?" पंचाईत एकच झाली. दुसऱ्या वर्षी काकांचा खोकला बरा व्हायला लागला.

गल्ली रंगाऱ्यांची. भट्टी एक, पाण्याचा नळ एक, कापड सुकवायच्या दोऱ्या मोजून बारा. त्यामुळे इथे जन्माला आलेलं मूल आधी रांगेत उभं राहायला शिकायचं आणि मग चालायला. रंगारी एक वेळ उपाशी राहील, पण त्याचा नंबर मोडलेला खपवून घेणार नाही. पुलाजवळच्या बंद कारखान्यात जनावर येऊन राहिलं आणि पहिल्याच आठवड्यात दिसेल त्याला उचलू लागलं, तेव्हा लोकांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की त्याला काही क्रमच नाही. चार वडीलधारे गेले, लांबूनच बोलले आणि ठरवून आले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बाराला, एक माणूस. घराच्या नंबराप्रमाणे. कोणाला पाठवायचं ते ज्या त्या घराने बघावं. जनावर कबूल झालं. त्यालाही हिंडायचा कंटाळा असावा. पळून जायचं म्हणावं तर पूल एकच, आणि तो त्याच्या दारावरून.

पहिल्या घराने चिठ्ठ्या टाकल्या. निघाली ती तिथल्या मावशीची पोटची पोरगी, आणि मावशीने शब्द पाळला. पुढच्या घरांनी ती चूक केली नाही. एकतिसाव्या महिन्यापर्यंत यादीत जमा झाल्या त्या सतरा सुना, नऊ म्हाताऱ्या, चार घरजावई आणि ती एक पोरगी.

बत्तिसाव्या घरी दोन सुना होत्या. थोरली पोटुशी, म्हणून धाकटी.

धाकटी निघाली तेव्हा तिच्या हातात फेस काढायचा मोठा झारा होता. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"झारा कशाला नेतेस? तो परत कोण आणणार?"

"सवय आहे आई. रिकाम्या हाताने कामाला गेले नाही कधी."

"मग जुना ने की."

तिने जुना नेला.

कारखान्यात काळ्या रंगाचा हौद तसाच भरून पडला होता. दोन पुरुष खोल, भिंती शेवाळलेल्या. पूर्वी तिथे कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी वाकत नसे. वर साय धरल्यासारखा जाड थर. धाकटीने आधी तो थर काढला. निवांत, कडेकडेने, जसा रोज भट्टीवर काढायची तसा. थर निघालेला काळा रंग आरशापेक्षा स्वच्छ दाखवतो. आरसा थोडं तरी मन राखतो.

बारा वाजून गेल्यावर ती जनावरापुढे उभी राहिली.

"उशीर," जनावर म्हणालं.

"वाटेत दुसऱ्याने अडवलं. म्हणालं, ही गल्ली आता माझी. त्या आळशाला सांग, शिळंपाकं खाऊन जगायचं असेल तर जग."

"कुठे आहे?"

"हौदात बसलंय."

जनावराने आयुष्यात स्वतःचं तोंड पाहिलेलं नव्हतं. हौदात वाकून पाहिलं तेव्हा त्याला एवढी चीड आली की त्याने शिवीही दिली नाही, सरळ उडी घेतली. शेवाळावर नखं घासण्याचा आवाज बराच वेळ आला. धाकटी काठावर बसून राहिली. मध्ये एकदा डोकं वर आलं, ते तिने झाऱ्याने खाली दाबलं. कोपरापर्यंत हात काळे झाले.

गल्लीत शिरल्यावर ती आधी घरी गेली. सासूबाईंनी तिला पाहिलं आणि दार अर्धं लोटून घेतलं.

"तू? आत्ता?"

"आई, जनावर बुडालं."

"बुडालं असेल. बरं झालं. पण तुझी खाट थोरलीला दिली गं."

"मी खाली झोपेन."

"झोपायचा प्रश्न नाही. काकांनी आपल्या घरापुढे खूण केली. आमचा नंबर भरला. तू आत आलीस तर तो रिकामा नाही का होणार?" मग आत असलेल्या मुलाकडे, धाकटीच्या नवऱ्याकडे, वळून म्हणाल्या, "तू बाहेर येऊ नकोस, तुला रडू आवरत नाही." आणि दार लावलं.

संध्याकाळी दोऱ्यांच्या मैदानात गल्ली जमली. पहिला तासभर लोक खरंच आनंदात होते. कोणीतरी धाकटीच्या डोक्यावरून हातही फिरवला. मग पहिल्या घरची मावशी उठली. ती एरवी बोलायची नाही.

"मला एवढंच सांगा," मावशी म्हणाली, "उरलेल्या घरांचं काय?"

"त्यांचं काय असणार मावशी? सुटली ती."

"आम्ही रांगेत उभं राहायचं, आणि ही मागची घरं फुकट सुटणार?"

एकतीस घरं मनातल्या मनात एकदम मोजायला लागली. बत्तिसाव्या घराने तर मावशीच्या बाजूने हातच वर केला, कारण खूण ताजी होती. सासूबाई म्हणाल्या, "न्याय म्हणजे न्याय." तेहतिसाव्या घरचा घरजावई उठून म्हणाला, "अहो, पण खाणारंच मेलं ना?" त्याला त्याच्याच मेव्हण्याने हात धरून खाली बसवलं. मेव्हण्याला बायको होती, पोरं होती आणि हा एक घरजावई होता.

ठरलं ते असं: फेरी पुरी करायची. महिन्याचा शेवटचा दिवस, दुपारी बारा, हौद तोच. ढकलायचं काम ज्या घरांनी आपला नंबर भरला त्यांनी करायचं, पहिल्या घरापासून, क्रमाने. म्हणजे आता याद्या दोन झाल्या आणि काकांची किंमत दुप्पट. पुलावर त्याच रात्रीपासून पहारा बसला. जनावर होतं तेव्हा त्याची गरज पडली नव्हती.

धाकटी मैदानात एकटी राहिली, तेव्हा काका तिच्याजवळ आले. काका एकटे राहायचे. ना सून, ना जावई.

"चल पोरी. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. मुलीसारखी राहा."

धाकटी म्हणाली, "काका, मुलगी आत्ताच कशी आठवली?"

"आधी तू मोकळी नव्हतीस."

"मला हिशेब येतो, काका."

"मग तर बरंच. समजावून सांगावं लागणार नाही. आठ महिने आहेत. छपराखाली काढ, नाहीतर मैदानात."

ती गेली. कोणीही गेलं असतं. काकांनी चाळिसाव्या घरापुढे माणसं 'दोन' अशी नोंद केली आणि तिला नवी चादर दिली. वागायला वाईट नव्हते. तिच्या हातचा काळा रंग जाईना, तर रोज लिंबू आणून द्यायचे.

आठ महिने ती गप्प बसली नाही. दारोदार गेली, एकेकाला समजावलं. शेवटी मावशीकडे गेली.

"मावशी, हे तुम्ही सुरू केलंत, थांबवाल तर तुम्हीच. तुमची पोर यातून परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

मावशी कापड पिळत होती. पिळून झाल्यावर तिने ते दोरीवर टाकलं. "आता थांबलं तर मी तिला उगाच पाठवली असं होईल ना गं," ती म्हणाली. "चाळीस झाले की मग तो नियम होता. नियमापुढे आईचं काय चालतं?"

धाकटी परत आली. जनावराला फसवणं सोपं गेलं होतं. त्याने आपल्यासारखं दुसरं कधी पाहिलंच नव्हतं. या चाळीस घरांना आपल्यासारखी दुसरी रोज दिसत होती, आणि कोणालाही चीड येत नव्हती.

चाळिसाव्या महिन्याच्या शेवटच्या दुपारी काका दारापर्यंत आले. म्हणाले, "जपून जा," आणि मग त्यांना स्वतःलाच कसंसं झालं.

ढकलायला आठव्या घरचे इस्त्रीवाले आजोबा होते. माणूस सज्जन.

"पोरी, गुडघा धरलाय माझा," ते म्हणाले. "जरा पुढे होऊन उभी राहतेस का?"

ती तिथेच उभी राहिली. आजोबांनाच दोन पावलं टाकावी लागली, कण्हत कण्हत.

काकांनी त्याच दिवशी यादी मिटवली. घरं चाळीस. माणसं एकोणचाळीस. एक कमी का पडतंय म्हणून त्यांनी तीनदा बेरीज केली, मग धाकटी दोनदा धरल्याचं लक्षात आलं आणि बत्तिसाव्या घरापुढे 'जनावर' असं लिहिलं. चाळिसाव्यापुढे 'मुलगी'. जमा चाळीस, बाकी काही नाही.