घड्याळ कोणाकडे देऊ?

मित्रांनो, मैदानाच्या कडेला, पाण्याच्या नळाशेजारी उभा असलेला मी एक जुना लाकडी बाक आहे. तुमची नजर कधी ना कधी माझ्यावर पडली असेल, पण ठरली मात्र नसेल. ठरेल कशी? समोर ते फुटबॉलचे गोलखांब मिरवत असतात ना!

आधीच सांगून टाकतो, मी त्या गोलखांबांवर जळतो. अगदी मनापासून जळतो. अहो, आम्ही सख्खे भाऊ, एकाच ओंडक्यातून निघालेले. सुताराने ओंडका चिरला, लांब सरळ लाकूड बाजूला काढलं आणि माझ्यावर हात फिरवून म्हणाला, "ह्याला गाठ आहे. हे बसायलाच बरं." झालं! एका गाठीपायी ते मैदानात गेले आणि मी कडेला आलो. त्यांना दरवर्षी नवा पांढरा रंग मिळतो. गोल झाला की मुली धावत जाऊन त्यांना मिठ्या मारतात. माझ्या वाट्याला काय, तर ओले टॉवेल, चिखलाचे बूट आणि राखीव खेळाडूंची रडगाणी.

पण राखीव खेळाडू तरी माझ्या असतात, तेवढंच समाधान. त्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे कपाट.

हे तिचं खरं नाव नव्हे हो. आमच्या मुलींच्या फुटबॉल संघात एक रीत आहे. खेळताना घड्याळ, कानातलं, पिना अंगावर चालत नाहीत, म्हणून प्रत्येक खेळाडू ते काढून बाकावरच्या मुलीकडे देते. ही कायम बाकावर, त्यामुळे सगळ्यांचा ऐवज हिच्याकडे. घड्याळं मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची आणि कानातली रुमालात बांधायची. कुणाचं काय, ते ती डोळे मिटून सांगायची. म्हणून सगळ्या तिला कपाट म्हणायच्या आणि तीही हसून ओ द्यायची. सामना चालू असताना ती माझ्या गाठीवरून बोटं फिरवत बसे. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! फक्त एक गोष्ट मला खपत नसे. प्रत्येक सामन्याआधी ती बुटाची नाडी घट्ट आवळून बांधायची. बसायचंच आहे, तर नाडी कशाला आवळायची? प्रशिक्षक सरांनी मागे वळून बाकाकडे पाहिलं, की मला वाटायचं, आता हिला नेतात.

एका चुरशीच्या सामन्यात आमची सगळ्यात वेगवान खेळाडू भिंगरी पाय मुरगळून खाली बसली. बाकीच्या राखीव मुली आधीच आत गेल्या होत्या. सर ओरडले, "कपाट, ये लवकर!"

आणि कपाट पाण्याच्या बाटल्या घेऊन धावली.

एकच हशा पिकला. सरांनी हाक मारली म्हणजे पाणीच हवं असणार, हे बिचारीच्या इतकं अंगवळणी पडलं होतं. "अगं, बाटल्या नकोत, तूच हवी आहेस," सर म्हणाले. पंचांनी तिच्या हाताकडे बोट दाखवलं. "ही घड्याळं काढ आधी." आता कपाटने आपलं सामान कोणाकडे द्यायचं? तिने इकडेतिकडे पाहिलं, मग एकेक घड्याळ काढून माझ्या फळीवर मांडलं. शेवटी स्वतःच्या केसांतली लाल पिन काढून ठेवली. "सांभाळ रे," म्हणाली आणि गेली. कुठे? त्या गोलखांबांकडे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कडेला भिंगरीचे बाबा उभे होते. गळ्याच्या शिरा ताणून ओरडायची त्यांची जुनी सवय. "अहो सर, डोकं ठिकाणावर आहे का? कपाट कधी पळतं का?" इतर पालक फिदीफिदी हसले. चेंडू कपाटच्या पायांतून निसटला, समोरच्या संघाने गोल केला, तसा बाबांना चेवच आला. "ए कपाट, हल की जागची! माझ्या पोरीच्या मेहनतीची वाट लावलीस!" मग ते पंचांवर घसरले. पंच म्हणजे कॉलेजातली मुलगी, तिचे डोळे भरून आले. आणि सर? सर आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले.

आम्ही हरलो. कपाट माझ्यापाशी आली आणि जिचं घड्याळ तिला देत गेली. एकाचीही अदलाबदल झाली नाही. स्वतःची पिन मात्र माझ्या फटीत विसरली आणि मान खाली घालून निघून गेली.

सरावाला ती आली नाही. त्यानंतरही नाही. पहिल्यांदा मला गुदगुल्याच झाल्या. बघा लेको, तुम्हालाही नाही मिळाली, असं मी भावांना मनातल्या मनात वेडावलं. मग बाकीच्या राखीव मुलीही गळत गेल्या. एकीची आई तर सरांना तोंडावर म्हणाली, "ओरडाच खायचा तर घरी मी आहे की! त्यासाठी मैदानावर कशाला पाठवू?" मी रिकामा झालो. आणि बघता बघता भाऊही रिकामे झाले. सरावाला दोन संघ पाडायला मुलीच पुरेनात, म्हणून खेळ अर्ध्या मैदानातच आटपू लागला. पलीकडच्या खांबांकडे चेंडू फिरकेना. त्यांच्यावर एक कावळा तेवढा बसून असायचा. आता मी जळणार तरी कोणावर?

पुढच्या सामन्यापर्यंत भिंगरीचा पाय बरा झाला. सगळ्या मैदानात उतरल्या आणि ही येऊन माझ्यावर बसली. नेमकी कपाटच्या जागी.

"अगं, बसलीस काय? जा ना!" तिचे बाबा म्हणाले.

"नाही जाणार."

"पाय दुखतोय का?"

"नाही. घड्याळ कोणाकडे देऊ?"

बाबांनी हात पुढे केला. "एवढंच ना? आण इकडे."

"तुमच्याकडे नाही देणार." तिने हात मागे घेतला. "तुम्ही तिला काय काय बोललात ते सगळ्यांनी ऐकलं, बाबा. मला लाज वाटली. आधी तिला परत आणा, मग खेळते."

"सर, तुम्ही तरी समजवा हिला!"

"काय समजावू? तिचं बरोबर आहे," सर म्हणाले. "मीच तेव्हा तुम्हाला गप्प बसवायला हवं होतं. शेपूट घातली मी."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. भिंगरी खेळली नाही. आम्ही सपाटून हरलो आणि सामना संपल्यावर बापलेक कपाटच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पाय चार असले तरी मी बोलूनचालून बाक, मला कोण नेतंय?

पण कपाट आली! नाडी घट्ट बांधून आली. मागोमाग गळालेल्या मुलीही परतल्या. बाबांनी पंचांचीही माफी मागितली, ते मी इथे स्वतः ऐकलं. आता सगळ्या पाळीपाळीने बसतात आणि सगळ्या पाळीपाळीने खेळतात. आणि घड्याळं सांभाळायला कोण, तर भिंगरीचे बाबा! हा कपाटचाच हट्ट. कोपरापर्यंत घड्याळं चढवून, मांडीवर कानातल्यांचा रुमाल सांभाळत ते माझ्यावर बसतात. रुमाल सांडेल म्हणून त्यांना ताडकन उठता येत नाही, हात उगारता येत नाही. ओरडायला तोंड उघडलं की भिंगरी मैदानातून नुसती बघते. आणि सामना संपल्यावर ते घड्याळांचा असा काही घोळ घालतात, की मुली पोट धरधरून हसतात.

कपाट मात्र आपली पिन त्यांच्याकडे देत नाही. "राहू दे काका, तुम्ही हरवाल," म्हणते, पिन माझ्या फटीत खोचते आणि आत धावते. परवा तिने तिचा पहिला गोल केला. धावत जाऊन मिठी कोणाला मारली? त्या खांबाला! जळून कोळसा झालो हो मी!

तरीही मित्रांनो, एक मागणं आहे. मला रिकामा बघायचं असेल तर खुशाल बघा. पण पोरं मैदानात गेली म्हणून मी रिकामा असू दे, घरी गेली म्हणून नको. कडेला उभे राहाल तेव्हा जरा तोंड सांभाळा. माझी काळजी करू नका, मी जळत बसेन इथे. सामना संपला की कपाट पिन घ्यायला माझ्याकडेच येते. त्या खांबांकडे नाही.