दुसरं पिल्लू

मला सगळं येतं, असं माझं ठाम मत होतं. आसेगावात कुणाची गाय अडो की कुणाच्या बाळाचं पोट दुखो, सल्ला द्यायला ही वैजयंती हजर. त्यामुळे फाट्यावर गाडीखाली उदमांजराची मादी मेली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गोठ्यातल्या कुटारात, म्हणजे गुरांसाठी साठवलेल्या भुशात, तिची दोन पिल्लं चिरचिरताना सापडली, तेव्हा मी लगेच पदर खोचला. डोळेही उघडले नव्हते त्यांचे.

वनरक्षकाला फोन केला. वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राची गाडी चार दिवसांनी येणार होती. "तोवर ऊब द्या, थोडं थोडं पातळ दूध द्या," तो म्हणाला. त्यातलं 'थोडं' मी ऐकलंच नाही. औषधाच्या पिचकारीने तासातासाला पाजत राहिले. पोटं टम्म झाली तसं मला धन्य वाटलं.

"आता त्यायले पुरनपोळी बी चारतं का?" माझा नवरा जगदेव म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू मेलेलं होतं. दुसऱ्याचं पोट ढोलकीसारखं ताणलेलं, आणि ते दुधाला तोंड लावेना. मी रडले, देवाला बोल लावला, मग नवऱ्याला.

"तांड्यावरच्या रुपाबाईले दाखव," तो म्हणाला. "बिनमायची करडं जगवते ते."

मागच्याच महिन्यात रुपाबाईच्या शेळ्या आमच्या तुरीत शिरल्या होत्या, आणि मी तिला बांधावर उभी करून तोंडाला येईल ते बोलले होते. अडला हरी, म्हणतात ना. पुढचं म्हणत नाही, कारण त्या दिवशी गाढव मीच होते. पिल्लू लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि नाक मुठीत धरून तांड्यावर गेले.

रुपाबाई दारात बसून शेंगा सोलत होती. मला पाहून उठली नाही, पण पिल्लासाठी हात पुढे केला. पोटावरून बोट फिरवलं.

"मुतलं का हे?"

असा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

"दूध पाजलं बाई तुमी. पन चाटलं कोनं?" ती म्हणाली. "एवढंसं लेकरू आपल्या मनानं मुतत नाई. माय चाटते, तवा मुतते."

तिने कोमट पाण्यात फडकं भिजवून पिळलं आणि पिल्लाच्या शेपटीखाली हळूहळू घासायला लागली, माय जिभेने चाटते तसं. मग पिल्लू माझ्या मांडीवर ठेवून फडकं माझ्या हातात दिलं. मी घासत राहिले. बराच वेळ काही नाही. आणि मग माझी मांडी ओली झाली, चांगली ऊन ऊन. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटच्या पोरांच्या मुतण्यानंही मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

पिल्लू जगलं. केंद्राची गाडी आली तेव्हा ते पोटभर पिऊन झोपलं होतं. पुढे काही महिन्यांनी वनरक्षकाचा फोन आला, पिल्लू मोठं झालं, त्याला जंगलात सोडलं. गावाने माझं कौतुक केलं. मी प्रत्येकाला रुपाबाईचं नाव सांगत सुटले, पण मनातला काटा काही निघेना. शेवटी गुळाची ढेप घेऊन तांड्यावर गेले. सोडल्याची बातमी सांगितली, तुझे उपकार फिटायचे नाहीत म्हटलं, आणि मग विचारलंच.

"रुपाबाई, पहिलं पिल्लू माझ्या हातानं गेलं का?"

ती नाही म्हणेल, अशी माझी फार इच्छा होती.

"हो," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती माझ्याजवळ सरकली.

"माह्या हातानं तीन करडं गेले असेच. पोटं फुगून. कोनाले इचारायची लाज वाटे मले, लोक म्हनतीन तांड्यातली बाई अन् करडू जगवता येत नाई. मंग शेळी चाटून राह्यली होती, ते दिवसभर पाहत बसली, तवा समजलं." तिने माझा हात हातात घेतला. "तुमचं एकच गेलं, बाई. कारन तुमी इचाराले आल्या."

मी तिथेच, तिच्या दारात, मनसोक्त रडून घेतलं. तिने हात सोडला नाही.