वरचे दोन टोमॅटो

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या घरात हिमानीने सकाळपासून धुमाकूळ घातला होता. शाळा ऑनलाइन असली म्हणून काय झालं, आज भूगोलाचं सादरीकरण तिचं होतं. विषय, युगांडातलं कंपाला शहर जेवतं कुठून. गेल्या वर्षी वर्गात तोंड न उघडणारी हीच मुलगी आता खोलीभर फिरत डचमध्ये भाषण ठोकत होती.

तिची लतिका मावशी कंपालात राहायची. मावशीची भाजीवाली नामुतेबी ही या सादरीकरणाची राणी. टोमॅटो मोजून दिले की ती न मागता वर आणखी दोन टाकायची, आपल्याकडे मूठभर कोथिंबीर टाकतात ना, तसे. इथल्या सुपरमार्केटात असलं लाडाचं काही नाही. म्हणून तर हिमानीला ते मावशीच्या मोबाइलवरून वर्गाला थेट दाखवायचं होतं. लॉकडाउनमध्ये विक्रेत्यांनी बाजारातच मुक्काम करायचा, असा तिकडे हुकूम होता. नामुतेबी गाळ्यावरच मच्छरदाणी बांधून झोपायची.

सकाळी मावशीचा फोन दोनदा आला. हिमानीने दोन्ही वेळा कापला.

"अगं, ऐकून तरी घे तिचं," आई म्हणाली.

"सूचनाच देणार ती. आता थेट वर्गात भेटू."

आणि पडद्यावर बाजार आला. टोमॅटोच्या ढिगामागे हिमानीच्याच वयाची मुलगी बसली होती.

"आई कुठंय तुझी?" हिमानीने इंग्रजीत झोकात विचारलं. "सगळा वर्ग तिची वाट बघतोय."

"आई शनिवारी गेली," मुलगी म्हणाली. "ताप होता. गाड्या बंद. दवाखान्यात नेता आलं नाही."

"हेच सांगायला फोन करत होते गं, बाळा," मोबाइल धरलेल्या मावशीचा आवाज आला.

"मग तू... आज इथे?"

"माल सडला असता. घरी धाकटे दोघं आहेत."

हिमानीच्या हातातल्या कागदावरचा एकही प्रश्न तिला वाचवेना. शेवटी मावशीनेच टोमॅटो मागितले. मुलीने पिशवी भरली, वर एक टाकला. दुसरा उचलला, जरा वेळ हातात धरला आणि पुन्हा ढिगावर ठेवला.

"आई दोन द्यायची," ती खाली बघत म्हणाली.

"हिमानी, पुढे सांगतेस?" बाईंनी हळूच विचारलं.

शेवटचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. हे शहर नामुतेबीच्या हातून जेवतं. ते सोडून ती पडद्याजवळ सरकली.

"तुझं नाव काय गं?" तिने मुलीला विचारलं, चक्क मराठीत.

पण मुलगी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.