मिठाच्या पोत्याची चरबी

जिते गावात देवळासमोर सकाळपासून रांग होती, आणि रांगेतला प्रत्येकजण पोट आत ओढून उभा होता. महिपतीबुवा पोटावर जाड पट्टी चिकटवायचे, तिच्यातून निघालेल्या नळीच्या टोकाचा फुगा मुठीत दाबायचे, बूच लावायचे आणि डोळे मिटायचे. फुगा हळूहळू फुलायचा. आत लालसर पिवळं पाणी.

"ही चरबी नाय, बाळा. गेल्या जन्मीची हाव हाय."

रांगेजवळ उभ्या चंद्रावतीला वाटलं, चूक थोडी आपलीच. दोन वर्षांपूर्वी पोट लहान करायचं ऑपरेशन करून ती घरी आली, तेव्हा असाच फुगा कमरेला लटकत होता. पुढे ती चाळीस किलोंनी उतरली. डॉक्टर, वाटीभर जेवण, रोजचं चालणं सोडून गावाने सगळं श्रेय फुग्याला दिलं. बुवांनी फक्त तसला फुगा कुठूनतरी पैदा केला.

रांगेत तिची धाकटी बहीण सरू होती.

"आक्का, सोमवारचं पोटाचं ऑपरेशन नाय करीत मी. इन्सुलिन पण परवापासून बंद केलंय. बुवा म्हणतात, सुई टोचली की फुगा रुसतो."

"रुसतो व्हय? बघू गो, हसतो कशाने."

मिठागरातली माणसं बुवांना दक्षिणा म्हणून मिठाची पोती वाहत. चंद्रावतीने बुवांच्या ताटातली एक तयार पट्टी उचलली, पहिल्या पोत्यावर चिकटवली, फुगा दाबून बूच लावलं.

फुगा भरू लागला. पोत्याची चरबी निघाली.

"बुवा," सरूचा नवरा नितेश म्हणाला, "मिठाला गेल्या जन्मी कसली हाव होती वो?"

"समुद्राचं पाप हाय ते," बुवा म्हणाले, पण डोळे उघडून.

चंद्रावतीने पट्टी उलटी केली. आत चपटी प्लास्टिकची पिशवी, पिशवीत हळदकुंकवाचं पाणी आणि थोडं गोडेतेल.

"दाबलेला फुगा परत फुलायला बघतो, म्हणून ओढतो. पोटावर लावा नायतर पोत्यावर, ओढणार या पिशवीतलंच. ऑपरेशननंतर आत साचलेलं रक्तपाणी बाहेर यावं, काय बिघडलं तर डॉक्टरला कळावं, एवढ्यासाठी ती नळी. चरबीची नि तिची ओळखसुद्धा नाय."

सरूने आत ओढलेलं पोट सोडलं. "आक्का, मला सकाळपासून गरगरतंय."

"नितेश, रिक्षा आण. आधी पेणला डॉक्टरकडे. सोमवारचं ते सांगतील."

चमत्कार दिसला तर हात जरूर जोडा. त्याआधी पट्टी उलटी करून बघा. आणि चालू औषध बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

पोतं नंतर काट्यावर घातलं. पन्नास किलो होतं, पन्नासच भरलं.