ओढ्यावरच्या दोराची तक्रार

मित्रांनो, आधी माझ्यावर वाळत घातलेले मोजे काढा, मग बोलू. मी एक जुना दोर आहे. दाट जंगलातून धबधब्याकडे जाणारी वाट मध्येच एका ओढ्यात उतरते. तिथे दोन काठांवरच्या दोन झाडांना मला आडवे बांधले आहे. ओढ्यातले दगड शेवाळलेले, म्हणून येणारे-जाणारे मला धरूनच पाय टाकतात.

कारखान्यात यंत्राने मला पीळ दिला तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आमच्या वाटाड्याने मला बांधले, सगळा भार टाकून पाहिला आणि बायकोला म्हणाला, "हत्ती बांधला तरी तुटायचा नाही!"

"हत्ती राहू द्या, माणसं सांभाळली तरी पुष्कळ," ती म्हणाली. तेव्हा माझी छाती फुगली होती.

मग रोज सकाळी वाटाड्या माणसे घेऊन येऊ लागला. जायचे, धबधबा पाहायचा आणि दुपारच्या जेवणाला परत. लोक दमून विचारत, "अजून किती लांब?" हा म्हणे, "आलंच!" चढ असो की चिखल, याचे उत्तर ठरलेले. लोकांनी त्याचे नावच आलंचभाऊ पाडले. त्याचे कौतुक होई आणि माझ्या नशिबी लोंबकळणारी पोरे येत. जळवा उपटून लोक चिकट बोटे मलाच पुसत. एका झाडापाशी घासून घासून माझे धागे तुटू लागले, पण तिकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. वाटाड्या वरून हात फिरवी आणि म्हणे, "चालेल अजून." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर न जळताच चालला होता!

एके दिवशी वर डोंगरात पाऊस कोसळला. एक मावशी आणि तिची भाची मला धरून ओढ्याच्या मध्यावर पोचल्या होत्या. वाटाड्या बाकीच्या माणसांसोबत मागच्या काठावर होता. वरून गढूळ लोंढा येताना त्याला दिसला आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, "आलं! आलं!"

मावशीला वाटले, धबधब्याचे ठिकाण आले. "आलं गं बाई एकदाचं!" म्हणत तिने फोटो काढायला मला सोडले. तेवढ्यात पाण्याने तिचे पाय उचलले. भाचीने एका हाताने मावशीचे मनगट पकडले आणि दुसऱ्या हाताने मला. दोघींचा भार नेमका त्या झिजल्या जागी आला. माझा एक पेड तुटला. मग दुसरा. उरलेल्या एका पेडावर दोन जीव टांगलेले, आणि मला ओरडताही येईना.

वाटाड्या पाण्यात झेपावला आणि दोघींना ओढून काठावर घेऊन आला.

"अहो, मला वाटलं, पोचलो आपण!" मावशी रडत म्हणाली.

"चुकलं माझं, ताई. रोज तेच म्हणतो ना मी," तो मान खाली घालून म्हणाला. मग त्याने मला थोपटले. "पण दोर भक्कम निघाला हं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अरे, भक्कम कसला? जरा जवळ येऊन बघा की! त्याने तुटल्या जागी एक गाठ मारली. उद्या सकाळी पुन्हा माणसे येणार आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. मला टाका. थोपटू नका, नवा दोर आणा. चिखलात पडून कुजायला मी तयार आहे. पण कुणीतरी विश्वासाने मला धरलेले असताना तुटायला मी तयार नाही.