माईकवरून घेतलेलं नाव

मंगरूळपीरच्या एसटी आगारात मेकॅनिक असलेल्या धम्मरत्नला दोन मुली. थोरली रूपा आरोग्य उपकेंद्रात नर्स, धाकटी सपना अकरावीला. आई लवकर गेली, त्यामुळे सपनाची वेणीफणी, अभ्यास, तापपाणी सगळं रूपानंच केलेलं.

दहावीत असताना वर्गातल्या एका मुलानं सपनाचा स्टेटसवरचा फोटो उचलला, कुठल्याशा ॲपनं त्यातले कपडे उतरवले आणि तो मोबाइलमोबाइलवर फिरवला. अंग तिचं नव्हतं, चेहरा तेवढा तिचा. पण हे कोणाकोणाला समजावणार? तक्रार झाली, मुलावर कारवाई झाली, फोटो हळूहळू दिसेनासा झाला. सपनानं बोर्डाची परीक्षा दिली ती दातओठ खात.

त्या दिवसांत काय करावं हे शोधायला ती नेटवर जायची, तर सगळं इंग्रजीत, नाहीतर कोर्टाच्या कागदासारख्या मराठीत. त्याचाच राग धरून अकरावीत तिनं आणि समीक्षा या मैत्रिणीनं एक ॲप बनवलं, 'सांग बाई'. पोरीनं फोनपाशी आपल्या वऱ्हाडीत बोलायचं, फोन वऱ्हाडीतच सांगणार: मेसेज मिटवू नको, तेच पुरावे हायेत, कोनी धमकी देली तं त्याचं आयकू नको, घरच्या एका मोठ्या मानसाले सांग. पुढे तक्रार कशी करायची, फोटो नेटवरून कसा काढून टाकायला लावायचा, तेही. कॉलेजातल्या मुली ते वापरू लागल्या. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या मुलींसाठी समीक्षा बंजारा शब्द गोळा करू लागली.

वाशीमला एका संस्थेनं नवसंकल्पना मेळावा भरवला, जिल्ह्यातल्या तरुणांच्या कल्पनांना संधी द्यायला. निवडलेल्या कल्पना पुढच्या फेरीसाठी अमरावतीला जाणार होत्या. संस्थेचे गजेंद्र सर आमंत्रण द्यायला स्वतः घरी आले. मंगरूळपीरचेच असल्यानं मागचं सगळं त्यांना ठाऊक होतं.

"मी ॲपबद्दल बोलीन सर," सपना म्हणाली, "माह्याबद्दल नाई."

"अरे बिलकुल! त्याचा विषयच नाही," सर म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. कार्यक्रम फेसबुकवर थेट चालू होता. सपनानं ॲप चालवून दाखवलं, न अडखळता. टाळ्या झाल्या. ती खाली उतरणार तोच गजेंद्र सरांनी माईक घेतला.

"मित्रहो, ही मंगरूळपीरची सपना. हिचाच नग्न फोटो बनवून व्हायरल केला होता. पण ही रडत नाही बसली! एकदा जोरदार टाळ्या!"

सपना पायऱ्यांवरच थांबली. शेकडो डोळे तिच्या अंगावरून फिरले. तिनं ओढणी गळ्याशी घट्ट धरली.

प्रेक्षकांत बसलेली रूपा उठली, रांगेतल्या लोकांच्या पायांवर पाय देत स्टेजवर चढली आणि सरांच्या हातातला माईक तिनं ओढला.

"कॅमेरा बंद करा. आत्ता!"

"ताई, मी कौतुकच करून राह्यलो ना..." सर हसत म्हणाले.

"कौतुक? तिनं घरी सांगतलं होतं ना तुमाले? बिलकुल म्हनले होते ना तुमी? पोरगी नाई म्हनली त्याचा अर्थ काय समजता तुमी लोकं?"

"ताई, अशी गोष्ट लोकांच्या काळजाला भिडते. त्यानंच प्रकल्प वर जातो."

"तुमचा मेळावा वर जाते! अन् माही बहीन तुमच्या मेळाव्याची पायरी हाय का?"

समोरच्या रांगेतले पाहुणे बुटांकडे बघू लागले. त्यांच्यातलं एकही माणूस उठलं नाही. रूपाला सरांपेक्षा त्यांचा जास्त संताप आला.

फेसबुकवरून व्हिडिओ काढून टाकायला वेळ लागला आणि तोवर व्हायचं ते झालं. व्हिडिओखाली लोक विचारत होते, 'कोणता फोटो? लिंक टाका.' कोणी खरंच जुना फोटो शोधून टाकला. सपनाच्या फोनवर अनोळखी नंबर येऊ लागले. धम्मरत्न ड्युटी सोडून घरी आला, मुलीजवळ बसला आणि हातातला पाना बाजूला ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं सायबर पोलिसांत गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून सांगितलं, अल्पवयीन मुलीची ओळख अशी जाहीर करणं हा गुन्हा आहे. तक्रार गजेंद्र सरांवरही नोंदवली गेली. सर पुष्पगुच्छ घेऊन घरी आले. रूपानं त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

मग रूपाला संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, तिनं तो स्पीकरवर ठेवला. आवाज अगदी मऊ. "मुलीच्या सुरक्षिततेसाठी आम्ही असं ठरवलं आहे, की अमरावतीच्या पुढच्या फेरीतून तिचं नाव मागे घ्यावं. तिला आता आरामाची गरज आहे."

रूपा काही बोलणार तोच सपनानं फोन हातातून घेतला. दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नव्हती.

"गुन्हा तुमच्या मानसानं केला, अन् घरी मी बसू? मांगच्या सालीबी सगळे हेच म्हनत होते, शाळेत नको येऊ, जपून राह्य. जपाचं असन तं त्याईले जपा, ज्याईले तोंड आवरत नाई. माहं नाव राहीन. समीक्षाचंबी राहीन. अन् गजेंद्र सर तिथं दिसले, तं मी स्टेजवरून सांगीन ते काहून दिसून राह्यले."

पलीकडून "बघतो" म्हणून फोन ठेवला गेला.

"बघतो म्हनते," सपना म्हणाली आणि तेव्हा पहिल्यांदा तिला रडू फुटलं. रूपानं तिला जवळ घेतलं. ते रडणं दुःखाचं नव्हतं, हे तिच्या आवळलेल्या मुठींवरून कळत होतं.

नाव राहिलं. गजेंद्र सरांना संस्थेनं काढलं नाही, फक्त कार्यक्रमांपासून लांब ठेवलं. पोलिसांचा तपास चालू आहे. फोटो एका ठिकाणाहून काढला की दुसरीकडे निघतो, आणि दर वेळी सपना पुन्हा तक्रार करते.

अमरावतीत दोघी मैत्रिणी एकत्र उभ्या राहिल्या. मांडणी संपल्यावर एका परीक्षकांनी आपुलकीनं विचारलं, "बेटा, ही कल्पना तुला कशी सुचली? काही स्वतःचा अनुभव?"

"सर," सपना म्हणाली, "ॲप कसं चालते ते इचारा."

परीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि ॲपबद्दल विचारायला सुरुवात केली.