उजवा पंख बसवताना

मित्रांनो, मी एक जुनं, हलक्या लाकडाचं विमान आहे. लांबी हातभर, पोटात ना इंजिन ना माणूस. मला फेकायचं आणि मी वाऱ्यावर तरंगायचं, एवढाच माझा उद्योग होता. आज माझं नाक चेचलेलं दिसतं. त्याची हकीकत ऐका. ते मी हौसेने चेचून घेतलं आहे.

मला घडवलं दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका बाईने. दवाखान्यामागच्या खोलीत तिच्या टेबलाच्या एका बाजूला लोकांचे दात वाळत असत, दुसऱ्या बाजूला माझ्या फासळ्या. सगळ्यात नाजूक काम पंखांचं. माझ्या धडाला दोन्हीकडे खाचा आहेत, पण त्यांत पंख नुसते खुपसून भागत नाही. ती शेपटीच्या टोकाला दोरा बांधायची. तो आधी डाव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणायची, मग उजव्या. दोन्हीकडे अंतर सारखं भरलं की मगच डिंक. तो वाळेपर्यंत ती श्वासही जपून घ्यायची.

अशा विमानांच्या स्पर्धेच्या दिवशी तिला सुट्टी मिळाली नाही. तिचा थोरला भाऊ म्हणाला, "छोटे, मी नेतो. फेकायचं तर आहे!"

मी सगळ्यांत जास्त वेळ हवेत राहिलो. परीक्षकांनी विचारलं, "कोणी बनवलं?"

"मीच की! तीन महिने खपलोय," भाऊ म्हणाला.

चषक त्याच्या दिवाणखान्यात गेला आणि मीही. बहिणीने जाब विचारला तर तो हसला. "अगं, तुझं काय नि माझं काय!" येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर तो माझ्या पोटावर टिचकी मारून फुशारक्या मारायचा. मी मनात दात खात बसायचो. अशाच एका टिचकीने मी खाली पडलो आणि उजवा पंख निखळला.

पुढच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो मला घेऊन तिच्या खोलीत आला. "छोटे, एवढा पंख बसवून दे गं."

"दादा, विमान तूच बनवलंयस ना?"

"आता तेच काय धरून बसलीस! दे ना पटकन."

तिने जुना डिंक खरवडला. दोरा ताणला. मग पंखाची पुढची कड अंगठ्याने तांदळाच्या दाण्याएवढी वर उचलली आणि डिंक वाळेपर्यंत तशीच धरून ठेवली. असा पंख विमानाला आपल्या बाजूने जास्त उचलतो आणि विमान दुसरीकडे कलंडतं. मला बोलता आलं असतं तर म्हणालो असतो, बाई, अजून थोडा उचल!

या वेळी ती रजा टाकून आली आणि मागच्या रांगेत उभी राहिली. भावाने मला ऐटीत फेकलं. मी डावीकडे कललो, गर्रकन फिरलो आणि थेट त्याच्यावरच चालून गेलो. तो खाली वाकला. मी त्याची टोपी उडवून खांबावर आदळलो. मैदान खो खो हसलं.

मुख्य परीक्षक, एक निवृत्त वैमानिक बाई, मला डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या, "पंख वाकडा आहे. कोणी बसवला?"

"बहिणीने!" भाऊ ओरडला. "सगळं तिनेच केलंय. मला यातलं काही कळत नाही!"

मागून शांत आवाज आला. "खरं आहे. हा मीच वाकडा बसवला. आणि गेल्या वर्षी सरळ बसवला होता, तोही मीच."

हसू थांबलं. परीक्षक बाईंनी भावाकडे नुसतं पाहिलं. त्याला तोंड लपवायला टोपीही उरली नव्हती.

आठवडाभरात चषक कवळ्यांच्या शेजारी येऊन बसला. भावाने वर्षभर अबोला धरला. तिने माझा पंख पुन्हा सरळ बसवला, पण नाकाचा तोल गेला तो गेलाच. मी परत कधी नीट उडालो नाही. एकदा मला हातात घेऊन ती म्हणाली, "माझ्या रागापायी तुझं वाटोळं झालं रे." तिचे डोळे भरून आले होते. तिला कसं सांगू, की त्या टोपीपर्यंतचं उड्डाण मला सगळ्यांत गोड वाटलं होतं?

मित्रांनो, मागणं एवढंच आहे. दुसऱ्याने घडवलेली वस्तू जपून हाताळा, आणि ती कोणी घडवली असं कुणी विचारलं तर खरं तेच सांगा. आम्ही वस्तू बोलत नाही. ऐकतो मात्र सगळं.